पाटापासून स्टुलापर्यंत: वस्तूचं डिझाइन पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

प्रॉडक्ट डिझाइन म्हटलं की संगणकाच्या पडद्यावर गोल फिरणारं चकचकीत चित्र आठवतं आणि तिथेच बहुतेकांचा धीर सुटतो. ते चित्र या कामातला सगळ्यात शेवटचा, आणि बरेचदा अनावश्यक, भाग असतो. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने भारत सरकारला एक अहवाल दिला. १९६१ मध्ये अहमदाबादला एनआयडी, म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्था, सुरू झाली ती त्याच अहवालाच्या आधारावर. डिझाइन म्हणजे काय हे सांगायला त्यांनी उदाहरण घेतलं ते लोट्याचं, म्हणजे आपल्या तांब्याचं. त्यात पाणी किती मावावं, तो कमरेवर नेणार की डोक्यावर, भरलेला आणि रिकामा असताना तोल कसा राहतो, घासताना हात आत जातो का, किंमत किती, मोडीत घातला तर काय येईल, असे प्रश्न त्यांनी एकापुढे एक मांडले. यातला एकही प्रश्न विचारायला पदवी लागत नाही. मात्र उत्तरं अंदाजाने न देता मोजून द्यावी लागतात, आणि इथेच नवखे चुकतात.

म्हणून इथे एकच वस्तू घेऊन सगळी प्रक्रिया दाखवली आहे: गुडघे दुखत असूनही खाली बसून भाजी निवडणाऱ्या, शेंगा सोलणाऱ्या घरातल्या मोठ्या माणसांसाठी हाताला आधार असलेलं बैठं स्टूल. वस्तू साधी आहे, पण चुका करायला तिच्यात भरपूर जागा आहे.

आधी जमवून ठेवा

- मापाची टेप, स्टीलची फूटपट्टी, गुण्या, पेन्सिल, चौकटीची वही
- दहा-बारा विटा, एक मजबूत फळी, जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे
- फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या खोक्याचा जाड पुठ्ठा, कटर, चिकटपट्टी
- १८ मिमी प्लाय, २५ × २५ मिमीची लाकडी पट्टी (एकूण अर्धा मीटरहून थोडी जास्त)
- आठ नंबरचे स्क्रू: ३५ मिमीचे १६, ५० मिमीचे ४, ३० मिमीचे १४
- लाकडाचा डिंक, दोन शिकंजे (जोड दाबून धरणारे क्लॅम्प), ड्रिल, ३ मिमीचं बिट, ८०, १२० आणि २२० नंबरचा काचकागद
- पायांच्या बुडाला लावायची रबराची चार बटणं (बूड-बटणं)

प्लाय कापायचं यंत्र घरी नसलं तरी चालेल. कापून द्यायचं काम कोणताही सुतार करतो. तुमचं काम त्याच्या हातात बरोबर मापं देणं.

१. वस्तूचं नाव न घेता अडचण लिहा

"स्टूल करायचं आहे" असं लिहिलंत की उत्तर आधीच ठरलं. त्याऐवजी असं लिहा: "जमिनीवरच्या परातीतली भाजी अर्धा तास बसून निवडता यावी आणि कुणाचा हात न धरता उठता यावं." आता उत्तरं निदान तीन निघतात. बसायची जागा उंच करा, उठताना हाताला आधार द्या, किंवा माणूस खुर्चीत बसवून परातच उंचावर ठेवा. तिसरं उत्तर फुकट आहे. ते आधी करून बघा, आणि त्याने भागलं तर हा लेख इथेच सोडून द्या. भागत नाही तेव्हा कारण बहुधा सवयीचं असतं: परात जमिनीवर असली की तिच्याभोवती पिशवी, सुरी, देठांचा ढीग असा पसारा मांडता येतो, टेबलावर तो मावत नाही.

वाक्याखाली तीन अटी लिहा. कुठे वापरणार (स्वयंपाकघरात, कोरड्या जागी), कोण वापरणार, काय चालणार नाही (घसरणं, कलंडणं, साडी अडकणं). पुढे दहा ठिकाणी मन डळमळतं, तेव्हा याच अटींकडे बघून निर्णय घ्यायचा.

२. आधी बघा, मग विचारा

"तुम्हाला कसं स्टूल हवं?" या प्रश्नाला मोठी माणसं "काही नको गं, चाललंय" असंच उत्तर देतात. म्हणून बसून बघा. उठताना हात कुठे जातो: जमिनीवर, गुडघ्यावर, ओट्याच्या कडेला की दाराच्या चौकटीला? आधी कोणता पाय सरकतो? उठल्यावर दोन क्षण थांबून तोल सावरावा लागतो का? तीन-चार वेळा बघा आणि वहीत फक्त दिसलं ते लिहा, त्याचा अर्थ लावायची घाई करू नका. ओट्याची कड धरून उठणाऱ्याला कमरेच्या उंचीवर ओढायला काहीतरी लागतं. मांडीशेजारी हात दाबून उठणाऱ्याला खाली रेटायला काहीतरी लागतं. दोघांसाठी वस्तू वेगळी होईल. आपण या दुसऱ्या प्रकारच्या माणसासाठी करतो आहोत.

३. विटा रचून उंची ठरवा

बैठकीची उंची हा या वस्तूचा गाभा आहे, आणि ती ठरवायला एक रुपया लागत नाही. पाट जमिनीपासून जेमतेम पाच-सहा सेंमी असतो, साधी खुर्ची ४५ सेंमीच्या आसपास. जितकं खाली बसाल तितके गुडघे जास्त दुमडतात आणि उठायला जोर जास्त लागतो. पण वर जाल तशी परात हातापासून लांब जाते आणि कंबर वाकते. या दोन्हींच्या मधला आकडा पुस्तकात मिळणार नाही, त्या माणसापाशीच मिळेल.

साधी वीट आडवी ठेवली की साधारण ७५ मिमी उंच भरते. दोन थरांवर फळी म्हणजे सुमारे १७ सेंमी, तीन थरांवर २४ ते २५, चार थरांवर ३२. मधल्या उंचीसाठी वर्तमानपत्रांचे गठ्ठे. थर एकाआड एक उभे-आडवे रचा, शेजारी भिंत असू द्या आणि चाचणीच्या वेळी एक माणूस जवळ उभा राहू द्या. प्रत्येक उंचीवर दहा मिनिटं खरंच भाजी निवडायला सांगा, मग पाच वेळा बसा-उठायला लावून मोबाइलवर वेळ मोजा.

इथे एक फसवी जागा आहे. नेहमी कमी उंचीपासून सुरुवात केली तर शेवटची, म्हणजे सगळ्यात उंच बैठक माणूस थकल्यावर तपासली जाते आणि तिच्यावर अन्याय होतो. क्रम उलटसुलट करा, दोन चाचण्यांत विश्रांती द्या, शक्यतो दोन दिवसांत विभागा.

पुढच्या सगळ्या मापांसाठी आपण २५ सेंमी धरू. तुमचा आकडा वेगळा आला तर तोच वापरा.

४. माप कुणाचं धरायचं?

नियम छोटा आहे. हात पोचायला हवा तिथे घरातल्या सगळ्यात बुटक्या माणसाचं माप धरा. अंग मावायला हवं तिथे सगळ्यात रुंद माणसाचं. "सरासरी" माप धरलं तर निम्म्या लोकांना वस्तू आवळते.

आपल्या स्टुलाला दोन्ही बाजूंना कठडे आहेत, म्हणून मधली जागा ही अंग मावायची जागा. बसलेल्या माणसाच्या नितंबांची रुंदी मोजा, त्यात कपड्यांसाठी आणि सरकण्यासाठी पाच-सहा सेंमी मिळवा. इथे ४६० मिमी धरली आहे. बैठकीची खोली ३०० मिमी, कठड्याची जमिनीपासून उंची ३८० मिमी, म्हणजे बैठकीच्या वर १३० मिमी. यात मांडी घालून बसता येणार नाही, पाय पुढेच घ्यावे लागतील. ज्याला मांडीच घालायची सवय आहे त्याला हे आत्ताच दाखवा, प्लाय कापल्यावर नाही.

५. पुठ्ठ्याचं मॉडेल

खऱ्या मापाचं करा, छोटं खेळणं नको. पुठ्ठ्याचे तीन थर चिकटवले की जाडी प्लायच्या जवळ जाते. यावर बसायचं नाही. ते फक्त जागेवर ठेवून बघण्यासाठी आहे: दारातून जातं का, रोज ठेवायचं कुठे, कठड्याच्या कोपऱ्यात साडीचा पदर अडकतो का. पदर अडकतोच. म्हणून वरच्या कोपऱ्यांना निदान २५ मिमीची गोलाई हवी, आणि हे कागदावर कधीच सुचत नाही.

मॉडेल दाबून बघताना आणखी एक गोष्ट हाताला कळते. १८ मिमीची कड तळव्यात रुतते. जोर देऊन धरायला ३० ते ४० मिमी जाडी बरी. म्हणून कठड्याच्या वरच्या कडेला बाहेरून आणखी एक १८ मिमीची पट्टी जोडायची, म्हणजे मूठ ३६ मिमीची होते. आतून जोडली तर बैठकीची रुंदी खाईल, म्हणून बाहेरून.

पण बाहेरून जोडली की नवा प्रश्न येतो. भार पायांच्या रेषेच्या आत पडला तर वस्तू स्थिर राहते, बाहेर पडला तर कलंडू पाहते. मुठीच्या बाहेरच्या निम्म्या भागावर हात दाबला तर तो पायाच्या रेषेबाहेर जातो. उपाय सोपा: तेवढ्याच जाडीचे तुकडे खाली पायांनाही बाहेरून जोडा. अशी एक दुरुस्ती दुसरी दुरुस्ती मागते, आणि पुठ्ठ्यावर ती पाच मिनिटांत होते.

६. चित्र आणि कापायची यादी

चौकटीच्या वहीत तीन चित्रं काढा: समोरून, बाजूने, वरून. एक चौकट म्हणजे दोन सेंमी असं प्रमाण पुरतं. सुंदर दिसायची गरज नाही, प्रत्येक माप लिहिलेलं हवं, आणि सगळी मिमीमध्ये. इंच आणि सेंमीची सरमिसळ झाली की सुतार एक ऐकतो आणि दुसरं कापतो.

एका स्टुलासाठी:

- बाजूच्या फळ्या: ३८० × ३०० मिमी, २ नग
- बैठक: ४६० × ३०० मिमी, १ नग
- बैठकीखालची उभी पट्टी: ४६० × ९५ मिमी, १ नग
- मुठीच्या पट्ट्या: ३०० × ४० मिमी, २ नग
- पायाचे तुकडे: ६० × ४० मिमी, ४ नग
- २५ × २५ मिमी लाकडी पट्टीचे तुकडे: १३० मिमी, ४ नग

उभ्या पट्टीचं ९५ हे माप विचित्र वाटेल. १०० का नाही? ८ × ४ फुटी पूर्ण शीट २४४० × १२२० मिमी असतं आणि करवतीचं पातं प्रत्येक कापात सुमारे ३ मिमी लाकूड खातं. शीटच्या रुंदीत ३०० मिमीचे चार तुकडे बसतात (चार तुकडे आणि तीन काप मिळून १२०९). लांबीत बाजूच्या फळ्यांच्या तीन ओळी आणि बैठकींच्या दोन ओळी घेतल्या, की सहा स्टुलांच्या बाजू, सहा बैठकी आणि ४६० × ३०० चे दोन तुकडे शिल्लक राहतात. त्या प्रत्येकातून १०० मिमीच्या दोनच पट्ट्या निघतात, ९५ च्या मात्र तीन, म्हणजे एकूण बरोबर सहा. उरलेल्या ३६५ मिमीच्या पट्ट्यातून मुठी आणि पायाचे तुकडे सुटतात. पाच मिमी सोडले आणि सहा स्टुलं एका शीटमध्ये बसली. एकच करणार असाल तर याने फरक पडत नाही, सुताराकडच्या तुकड्यांत काम होईल. पण विकायचा विचार असेल तर नफा अशाच मापांत असतो.

७. प्लाय निवडताना

एमआर दर्जाचं प्लाय फक्त दमट हवा सोसतं, पाणी नाही. आयएस ३०३ या भारतीय मानकातच त्याच्या वरचा बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) दर्जा आहे आणि आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. स्वयंपाकघरासाठी बीडब्ल्यूआर घ्या, कोकणासारख्या दमट भागात तर नक्कीच. न्हाणीघरात मात्र हे स्टूल नेऊ नका. रोज पाण्यात उभ्या असलेल्या प्लायच्या कडा फुगतात आणि स्क्रू सैल होतात, तिथल्या वस्तूचं डिझाइन मुळापासून वेगळं.

दोन गोष्टी दुकानातच तपासा. एक, जाडी. "१८ मिमी" म्हणून दिलेलं प्लाय कधी १७ भरतं, आणि तुमची सगळी वजाबाकी जाडीवर आहे. दोन, वरच्या थराचे रेषे. बैठकीत ते ४६० मिमीच्या दिशेने, बाजूच्या फळ्यांत उभे हवेत. आडवे घेतले तर बैठक जास्त लवते.

बाजूच्या फळीच्या खालच्या कडेला मधोमध १८० मिमी रुंद, २० मिमी उंच कमान कापून घ्या, म्हणजे दोन्ही टोकांना ६० मिमीचे पाय उरतात. शहाबादी फरशी कधीच सपाट नसते. पूर्ण कड टेकवली तर स्टूल डुगडुगतं. उचलायला मुठीच्या पट्टीखाली १०० × ३५ मिमीचं भोक घ्या, चार बोटं सहज जातात.

८. जोडणी

आधी डिंक न लावता सगळं जुळवून बघा. मग हा क्रम:

१) बाजूच्या फळीच्या आतल्या अंगाला, जमिनीपासून २३२ मिमीवर रेघ मारा. २५० वर नाही. बैठकीची वरची पातळी २५० हवी आणि बैठक स्वतः १८ मिमी जाड आहे. नवखा माणूस ही चूक हमखास करतो आणि स्टूल २६८ मिमीचं होतं.

२) रेघेच्या खाली लाकडी पट्टीचे दोन तुकडे डिंक आणि ३५ मिमीच्या दोन-दोन स्क्रूंनी बसवा. दोघांमध्ये उभ्या पट्टीच्या जाडीएवढी फट ठेवा. ती फट म्हणजे पट्टीची खाच. पट्टी तिच्यात अडकली की स्टूल डावी-उजवीकडे हलत नाही.

३) उभी पट्टी दोन्ही खाचांत बसवून बाहेरून प्रत्येक टोकाला ५० मिमीचे दोन स्क्रू. प्लायच्या कडेत स्क्रू जाताना थर फाटतात, म्हणून आधी ३ मिमीचं भोक पाडा, आणि एकही स्क्रू कोपऱ्यापासून २० मिमीच्या आत नको.

४) वर बैठक: डिंक, आणि वरून प्रत्येक लाकडी तुकड्यात ३५ मिमीचे दोन स्क्रू. डोकी खाली बुडवून वर लांबी (पुट्टी) भरा. बाहेर राहिलेलं डोकं साडीला धागा काढतं.

५) मुठीच्या पट्ट्या आतून ३० मिमीच्या तीन-तीन स्क्रूंनी, पायाचे तुकडे दोन-दोन स्क्रूंनी. शिकंजे लावून २४ तास ठेवा. डिंक वाळण्याआधी गुण्याने कोपरे तपासा, नंतर वाकडेपणा निघत नाही.

कडा ८०, मग १२०, मग २२० नंबरने घासा. मुठीला जास्त वेळ द्या, तळवा तिथेच दाबला जाणार आहे. प्लायच्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात जास्त, कारण पाणी तिथूनच शिरतं. शेवटी बूड-बटणं. घसरू नये म्हणून रबर हवं. पण रबरामुळे पाच किलोचं हे स्टूल जमिनीवरून ओढता येत नाही, उचलावंच लागतं. दोन्ही एकदम मिळणार नाही. इथे न घसरणं महत्त्वाचं, अटींच्या यादीत तेच लिहिलं होतं.

९. माणसाआधी वजन बसवा

सिमेंटची पोती ५० किलोची असतात. दोन पोती बैठकीवर रात्रभर ठेवा, सकाळी तिसरं ठेवून तासभर. मग सगळे सांधे बघा: फट पडली का, करकर येते का, स्क्रूभोवती थर उचलला का. पुढे धडधाकट माणसाने एकाच कठड्यावर दोन्ही हातांनी अंगाचा भार टाकावा. दुसऱ्या बाजूचे पाय उचलले गेले किंवा स्टूल सरकलं तर ते अजून घरात जायला तयार नाही.

१०. वापरायला द्या आणि गप्प बसा

"इथे हात ठेवा" असं सांगितलं की चाचणी संपली. न सांगता हात मुठीवर जातो का ते बघायचं आहे. पाच वेगवेगळ्या अंगाची माणसं मिळाली तर उत्तम. विटांवर मोजलेली बसा-उठायची वेळ आणि आत्ताची वेळ शेजारी शेजारी लिहा. आठवड्याने पुन्हा या. स्टूल कोपऱ्यात धूळ खात असेल तर ती सगळ्यात खरी प्रतिक्रिया. बहुधा ते जड वाटतं, किंवा ठेवायच्या जागेपासून कामाची जागा लांब असते.

दुसरी आवृत्ती करताना एका वेळी एकच गोष्ट बदला. उंची आणि मूठ एकदम बदललीत आणि उठणं सोपं झालं, तर कशामुळे झालं हे कळणार नाही. वहीत तारीख, काय बदललं, का बदललं एवढं लिहा.

११. पुढे जायचं असेल तर

शिकायला पवईच्या आयआयटीतलं आयडीसी हे डिझाइन शिकवणारं केंद्र १९६९ पासून आहे आणि डीसोर्स या संकेतस्थळावर डिझाइनचं साहित्य मोफत वाचता येतं. यंत्रं हाताळायची असतील तर पुणे जिल्ह्यात पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू करून बघायची कार्यशाळा, आहे.

विकायचं ठरवलंत तर फोटो समाजमाध्यमांवर टाकायच्या आधी थांबा. २००० च्या डिझाइन कायद्यानुसार नोंदणी होते ती नव्या, आधी जाहीर न झालेल्या रूपाची, आणि तुमचीच पोस्ट तुमचा नवेपणा घालवू शकते. नोंदणी आधी १० वर्षं, वाढवून घेतली तर आणखी ५ वर्षं टिकते. ती वस्तूच्या दिसण्याला मिळते, ती कशी चालते याला नाही. कार्यपद्धतीच नवी असेल तर पेटंटचा रस्ता वेगळा. तात्पुरता अर्ज केल्यावर पूर्ण अर्जासाठी १२ महिने मिळतात, म्हणून तारीख घातलेली वही जपून ठेवा.